अवजार बदलताना

गेल्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कचेरीत एक बैठक झाली. कचेरी म्हणजे कलबुर्गीतले वास्तुशिल्पींचे एक लहानसे कार्यालय. (सरकारी कागदावर गाव २०१४ पासून कलबुर्गी झाले, घरात आम्ही अजून गुलबर्गाच म्हणतो.) माणसे सगळी मिळून अकरा. बोलणे नेहमीप्रमाणे तीन भाषांत चालले : हिशेबाचे कन्नडात, भांडणाचे दखनीत आणि समजुतीचे मराठीत. विषय एकच होता. इमारतींचे नकाशे ज्या सॉफ्टवेअरवर आम्ही सात-आठ वर्षे काढतो आहोत, ते सोडून दुसरे घ्यायचे की नाही?

तरुण मंडळी सोडण्याच्या बाजूची. त्यांचा पुढारी, आश्चर्य वाटेल, आमचा हिशेबनीस. दरवर्षी भाडे भरायचे, ते वाढत जायचे, आणि एखाद्या वर्षी भरले नाही तर आपणच काढलेला नकाशा उघडून नुसता बघायचा. त्यातली एक रेघही बदलून जपून ठेवता यायची नाही, हे त्याला काही केल्या पटत नव्हते. तो म्हणाला, "घराचं भाडं थकलं तर मालक बाहेर काढतो, ते कळतं मला. पण हा तर आपलं सामान आतच ठेवून घेतो, अन् आपण खिडकीतून बघत बसायचं!" सगळे हसले. आमच्या एक ज्येष्ठ सहकारी बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचे वय बावन्न. चालू सॉफ्टवेअर त्यांनी पंचेचाळिशीत, रात्री जागून, चष्म्याचा नंबर वाढवून घेऊन शिकले होते. त्या वहीवर पेनाने चौकोन काढत राहिल्या.

सरांनी मला विचारले, "तुम्ही काय म्हणता?" मी म्हणालो, "विचार करून सांगतो." त्या विचाराला बरेच दिवस लागले, आणि त्यातला बराचसा भाग सॉफ्टवेअरविषयी नव्हता.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. मी १९९४ साली नोकरीला लागलो तेव्हा नकाशा हाताने काढत. मोठा तिरपा बोर्ड, त्यावर टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि काळ्या शाईचे रॉट्रिंग पेन. चूक झाली तर दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा घेऊन शाई अलगद खरडायची. प्रती काढायच्या त्या अमोनियाच्या वाफेवर, आणि तो वास संध्याकाळी घरी जेवायला बसलो तरी नाकातून जात नसे. मग आले ऑटोकॅड. अमेरिकेत ते डिसेंबर १९८२ मध्येच बाजारात आले होते. आमच्याकडे १९९८ मध्ये त्याची चौदावी आवृत्ती आली, आणि तिच्यासोबत वातानुकूलित खोली आणि खोलीबाहेर चपला काढण्याचा नियम. पण एक लक्षात घ्या, तेव्हा फक्त बोर्ड काचेच्या आत गेला. रेघ ही रेघच राहिली.

खरा बदल त्यापुढचा. रेव्हिट नावाची प्रणाली २००० साली आली आणि २००२ मध्ये ऑटोकॅडवाल्याच कंपनीने ती विकत घेतली. हंगेरीतल्या बुडापेस्टचे आर्किकॅड तर त्याहून जुने, ऐंशीच्या दशकातले. या जातीच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही रेघ काढत नाही, भिंत उभी करता. ती किती उंच, किती जाड, कशाची, हे सांगायचे. मग तळनकाशा, छेद, दर्शनी बाजू आणि विटांचा हिशेब, सगळे त्या एका भिंतीतून निघते. खिडकी एका ठिकाणी सरकवली की सर्व कागदांवर सरकते. आम्ही हे २०१७ मध्ये घेतले. पूर्वी दोन माणसे आठवडाभर बसून जे अंदाजपत्रक करत, ते दुपारच्या चहापर्यंत होऊ लागले. हे सुख खोटे नाही.

इथे एक गोष्ट कबूल करून टाकतो. १९९८ मध्ये आमच्या संगणकावर जी पहिली प्रत चढली ती विकत घेतलेली नव्हती. कोणीतरी हैदराबादहून आणली आणि कोणीतरी चढवली. आज भाड्याची तक्रार करताना हे आधी सांगितले पाहिजे, नाहीतर आमचा सात्त्विक संताप जरा हलका ठरेल. पुढे पैसे भरून घेतली, पण पुढे.

आता आमच्या कचेरीची थोडी ख्याती अशी की आम्ही चौकोनी डबे बांधत नाही. शहाबादी फरशी, बीदरचा तांबडा दगड, अंगण, उन्हाळ्यात वारा घेणारी भिंत, असल्या गोष्टींत सरांना रस. सर अजून जाड पेन्सिलीने, पाकिटाच्या पाठीवर सुचेल ते काढतात. त्यामुळे आमच्याकडे सॉफ्टवेअरचा प्रश्न केवळ वेगाचा नसतो, ते हाताला कुठे ओढते याचाही असतो. एक उदाहरण देतो. आमच्या गावच्या पूर्वेला हफ्त गुंबज आहेत, बहामनी सुलतानांच्या कबरी. त्यांतल्या चौदाव्या शतकातल्या कबरींच्या भिंती दिल्लीच्या तुघलकी रीतीप्रमाणे वर जाताना आत कलतात. दगडाच्या जड भिंतीला तो कल शोभतो आणि टेकूही देतो. सरांना एका वाचनालयाला तशी भिंत हवी होती. रेव्हिटमध्ये कललेली भिंत साध्या आज्ञेने उभी करण्याची सोय आली ती २०२१च्या आवृत्तीत, आणि वर निमुळती होत जाणारी २०२२च्या. त्याआधी ती काढता येत नसे असे नाही, आडवाटेने यायची. पण रात्रीचे अकरा वाजलेले असतात, सकाळी नकाशा नगरपालिकेत द्यायचा असतो. अशा वेळी माणूस आडवाटेने जात नाही. आमचे वाचनालय सरळ भिंतींचे झाले. कोणीही "कल नको" असा निर्णय घेतला नव्हता. तो निर्णय कुठे झाला हेच सांगता येत नाही, आणि मला वाटते, नैतिक प्रश्न नेमका अशा ठिकाणी सुरू होतो.

उलटही घडते. स्पेनमधल्या बिल्बाओचे गुगेनहाइम संग्रहालय १९९७ मध्ये उघडले. त्याची ती वळणावळणाची अंगे बांधता यावीत म्हणून फ्रँक गेरी यांच्या कचेरीने विमानांसाठी बनवलेली कॅटिया नावाची फ्रेंच प्रणाली वापरली. गेरी स्वतः संगणकाला हात लावणारे नव्हते. ते कागदापुठ्ठ्याच्या प्रतिकृती करत. आधी आकार, मग त्याला पेलणारे अवजार, तेही दुसऱ्याच्या धंद्यातून उचलून. पण बिल्बाओचे पैसे आमच्याकडे कुठले? आम्ही बाजारात मिळेल त्या अवजाराच्या मापाचे व्हायचे. असो.

मी बैठकीत गप्प का राहिलो ते सांगण्यासाठी मात्र हाताने नकाशे काढण्याच्या काळात परत जावे लागेल.

तेव्हा आमच्याकडे एक ज्येष्ठ ड्राफ्ट्समन होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मूळचे भालकीकडचे, घरचे कन्नड, शाळा मराठी, लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून उर्दूही कानावर पडलेली. पदवी नाही, पण त्यांनी काढलेला नकाशा बघितला की गवंड्याला प्रश्न पडत नसे. भार घेणारी भिंत जाड रेघेत, नुसता आडोसा बारीक रेघेत, पुढे पाडायची असेल तर तुटक. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आमच्याही भागातली माळवदे हादरली, आणि जो तो स्लॅब मागू लागला. तेव्हापासून अण्णांनी स्वतःला एक सवय लावून घेतली. कुठेही बांधकाम निघाले की एस.टी.ने त्या गावी जायचे, पारावर बसायचे आणि म्हाताऱ्यांना विचारायचे : या जागेत आधी काय होते? पेव होते का, ओढा जात होता का, किती खाली मुरूम लागतो? परत आल्यावर ट्रेसिंगच्या कडेला पेन्सिलीने लिहायचे, कधी कन्नडात, कधी मराठीत, ज्या म्हाताऱ्याने सांगितले असेल त्याच्या भाषेत.

संगणक आल्यावर अण्णांना शिकवण्याचे काम सरांनी माझ्याकडे दिले. मी सत्तावीस वर्षांचा, ते चौपन्न. रोज सहानंतर तासभर. माऊस त्यांच्या हातात थरथरे. ज्या हाताने दीड वीत लांबीची रेघ श्वास रोखून एका दमात ओढली, तो हात त्या प्लास्टिकच्या उंदराला दबकत असे. एकदा त्यांनी विचारले, "तम्मा, ही रेघ किती जाड?" मी म्हणालो, "आता ती फक्त लाल आहे, अण्णा. लाल म्हणजे किती जाड, ते छापताना ठरवायचं." ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. "मग काढणाऱ्याला काढताना कळायचं कसं, कोणती भिंत भार घेती?" मी हसलो. खरोखर हसलो. प्रश्न अडाणीपणाचा वाटला मला.

तीन महिन्यांनी सरांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "त्यांना नाही जमणार." एवढेच शब्द. खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. पुरते खरे हे की मला संध्याकाळी घरी जायची घाई असायची, आणि आपल्या गुरुजींच्या वयाच्या माणसाला चुकताना बघणे मला सहन होत नव्हते. अण्णांना बिले तपासायच्या टेबलावर बसवले. दीड वर्षाने ते गावी परत गेले. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला आपली पितळी स्केल दिली. रागावले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर जुने चाळीसेक नकाशे संगणकावर उतरवायचे काम मी केले. त्यात भालकी तालुक्यातल्या एका शाळेचा नकाशा होता, १९९६ सालचा. मी इमारत उतरवली. दारे, खिडक्या, मापे, सगळे बिनचूक. ट्रेसिंगवर इमारतीच्या बाहेर, ईशान्येच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक तुटक वर्तुळ होते आणि बाजूला दोन ओळी. ते मी सोडले. शाईत नव्हते, इमारतीत नव्हते, आणि मी केलेल्या थरांच्या यादीत त्याला थर नव्हता. ते काय आहे हे वाचल्याचेसुद्धा मला आठवत नाही.

२०११ मध्ये त्या शाळेने दोन वर्ग वाढवले. आम्ही संगणकातली फाईल उघडली, ईशान्येला मोकळी जागा दिसली, तिथे वर्ग काढले. पुढच्याच पावसाळ्यात कोपरा खचला. भिंतीला तळापासून तिरकी भेग गेली, हात घालता येईल एवढी. रविवार होता, म्हणून मुले नव्हती. मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा मी आधी काय केले असेल, तर माळ्यावरच्या पत्र्याच्या नळीतून ते ट्रेसिंग काढले. पंधरा वर्षांची पेन्सिल फिकट झाली होती, पण वाचता येत होती. मराठीत होते : इथे जुनी विहीर बुजवली आहे, भिंत आणू नये.

वर्ग पाडले. मुले वर्षभर ओसरीत बसली. आम्ही आमची फी परत केली आणि खर्चाचा वाटा उचलला. कोणी मला बोल लावला नाही, कारण चूक कोणाच्या ध्यानात येण्यासारखी नव्हती. फाईल बरोबर होती. फाईलमध्ये जे होते ते सगळे बरोबर होते.

मला हे रात्री-अपरात्री आठवते तेव्हा मी बचाव करून पाहतो. कागदही काही अमर नसतो. त्याच माळ्यावरची किती ट्रेसिंगे वाळवीने खाल्ली, किती पावसात गळून चिकटली. अण्णांनीही ते वर्तुळ शाईने काढायला हवे होते. त्यांचा अर्धा नकाशा नेहमी त्यांच्या डोक्यातच असे आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. आपल्यावाचून चालू नये असे कुठल्या जुन्या माणसाला वाटत नाही? हे सगळे खरे आहे. तरी मी सोडलेले वर्तुळ मी सोडलेलेच राहते.

माझ्या आजोबांच्या ट्रंकेत आमच्या सात एकरांची कागदपत्रे आहेत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी ट्रंक असेल. खातेवही मोडीत आहे. खरेदीखत उर्दूत, कारण निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा ती होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण म्हैसूर राज्यात आलो, त्यानंतरच्या पहाण्या कन्नडात. २००० सालच्या सुमारास 'भूमी' योजनेत सात-बाराची ही सगळी दुनिया संगणकात गेली आणि हाताने लिहिलेला उतारा चालेनासा झाला. जमीन तीच, बांध तोच, बांधावरचे लिंबाचे झाडही तेच. अवजारे चार.

या चार बदलांत आमचा एक गुंठाही हरवला नाही. का हरवला नाही, हे मी पूर्वी कधी स्वतःला विचारले नव्हते. वडील सांगत की छप्पन्ननंतर कितीतरी वर्षे तालुक्याच्या कचेरीत एक म्हातारा कारकून होता. त्याला उर्दूही येत होते आणि कन्नडही. लोक त्याला बिडी देत, चहा देत, आणि तो जुन्या कागदावरचा शब्द नव्या कागदावर आणी. नवा साहेब त्याला कंटाळलेला असे, कारण तो हळू होता. पण अलीकडचे आणि पलीकडचे दोन्ही वाचता येणारा तो एकटाच. ज्यांच्या गावात असा माणूस लवकर निवृत्त झाला किंवा मेला, त्यांचे बांधावरचे खटले अजून चालू आहेत.

आपण सीमाभागातली माणसे. सकाळी दूधवाल्याशी एका भाषेत, शाळेत दुसऱ्या, देवापुढे तिसऱ्या. दोन्ही वाचता येणारा माणूस म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. म्हणूनच मला लाज वाटते की आमच्या कचेरीत, बोर्डाकडून पडद्याकडे जाताना, असा एकच माणूस होता, आणि मी त्याला चार शब्दांत बाजूला केले. बोर्ड सोडणे चूक नव्हती. बोर्ड सोडायलाच हवा होता. पण आधी सगळे पलीकडे नेऊन मग माणूस मोकळा करायचा, की माणूस आधी मोकळा करून मग जे जाईल ते न्यायचे, यातला फरक मला सत्ताविसाव्या वर्षी दिसला नाही.

बदल नकोच, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही विचार करून पाहिला. आमच्या सहकारी बाई पुढे मला म्हणाल्या, "मी जे शिकले त्याच्याशी मी प्रामाणिक आहे." हे वाक्य मला आवडले आणि खटकलेही. २०२० च्या जुलैमध्ये ब्रिटनमधल्या काही नावाजलेल्या वास्तुशिल्प कचेऱ्यांनी रेव्हिटच्या कंपनीला जाहीर पत्र लिहिले. झाहा हदीद यांच्या नावाची कचेरी त्यांत होती. तक्रार सोपी होती : पैसे वाढत चालले, अवजार मात्र सुधारत नाही. कंपनीने २०१६ मध्ये कायमचे परवाने विकणे बंद करून भाडेपद्धत आणली होती, त्याचा हा कढ होता. पण पत्र लिहिणारे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच पडद्यासमोर बसले. एवढ्या मोठ्या, एवढ्या कल्पक कचेऱ्या, रागावल्या तरी उठून जाऊ शकल्या नाहीत. वर्षानुवर्षांच्या फाईली त्या एका साच्यात. नव्या आवृत्तीत उघडलेली फाईल जुन्या आवृत्तीत परत जात नाही. बरोबरचे अभियंते त्याच प्रणालीवर. सर्व प्रणालींना वाचता यावी अशी आयएफसी नावाची एक मध्यस्थ भाषा आहे, २०१३ पासून ती आंतरराष्ट्रीय प्रमाणही आहे. आम्ही ती वापरून पाहिली. भिंत भिंत म्हणून पलीकडे जाते. पण आपण भिंतीला शिकवलेले बारकावे, ही सरकली की ती सरकावी वगैरे, ते वाटेत गळतात. भाषांतरात विनोद गळावा तसे.

तर मग याला निष्ठा म्हणायचे का? निघता येत असून राहिलेला माणूस निष्ठावान. निघताच येत नाही म्हणून राहिलेला नुसता अडकलेला. त्याने आपल्या अडकण्याला मोठे नाव देऊ नये. पण हा नियम बाईंना लावायला गेलो की मी थबकतो. कंपनीशी त्यांना काय देणेघेणे? त्यांची निष्ठा त्या जागलेल्या रात्रींशी होती. त्यांना भीती होती ती त्या रात्री आता एका ठरावाने फुकट जाण्याची, आणि "त्यांना नाही जमणार" हे शब्द या वेळी कोण उच्चारतो याची. ती भीती मी ओळखली, कारण ते शब्द माझेच होते.

गुलाम यझदानी यांचे बीदरच्या इमारतींवरचे मोठे पुस्तक १९४७ मध्ये निघाले. यझदानी हे हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले संचालक. आमच्या कचेरीत त्याची एक फाटकी प्रत आहे. महमूद गवानच्या मदरशाचा तळनकाशा त्यात आहे, माणसांनी फीत धरून मोजलेला. १४७२ साली पुरी झालेली, १६९६ मध्ये स्फोटाने अर्धी कोसळलेली इमारत, आणि तिचा नकाशा आज पुस्तक उघडले की उघडतो. कोणाला भाडे द्यावे लागत नाही. सिकंदराबादेत जन्मलेले आणि मुंबईत काम केलेले चार्ल्स कोरिया यांनी आपली सहा हजारांहून अधिक रेखाचित्रे २०१३ मध्ये लंडनच्या वास्तुशिल्पींच्या संस्थेला देऊन टाकली. दूर गेली याचे वाईट वाटते, पण डोळे असणाऱ्या कोणालाही ती वाचता येतील. आमची १९९९ ची फ्लॉपी माझ्या खणात आहे. ती घालायला यंत्रच उरले नाही.

तर मी सरांना काय सांगितले? म्हणालो, बदलू या. भाड्याचा राग हे एकटे कारण पुरेसे नाही, कारण नवी कंपनीही उद्या भाडे वाढवील. पण बदलू. मात्र दोन गोष्टी आधी. बाईंना नवे शिकायला एक वर्ष, पगारी, दुपारच्या ताज्या वेळेत, आणि शिकवणारा कंटाळा न करणारा हवा, मी नको. आणि चालू प्रणाली सोडण्यापूर्वी प्रत्येक इमारतीचे एक पान, साध्या शब्दांत, कागदावर : ही भिंत इथे का, पाया एवढा खोल का, जागेत आधी काय होते. फाईलमध्ये न मावणारे.

आमच्यातला सर्वांत तरुण भागीदार मुलगा सालस आहे. त्याने कागदावर हिशेब मांडला आणि विचारले, "सर, दोनशे सतरा कामं आहेत. पानाला एक दिवस धरला तरी या दिवसांचे पैसे कोण देणार? जुने गिऱ्हाईक देणार नाही, नवे का द्यावे?" मला उत्तर देता आले नाही. अजून देता येत नाही. सरांनी पहिली गोष्ट मान्य केली. दुसरीसाठी ज्या इमारती अजून वाढण्यासारख्या आहेत तेवढ्यांची यादी करायला सांगितले. चौसष्ट निघाल्या. त्यांतल्या एकोणीस अण्णांच्या हातच्या होत्या.

श्रावणात मी भालकीला गेलो, लॅपटॉप आणि ट्रेसिंगची नळी घेऊन. अण्णा आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत, ऐकायला कमी येते, नजर चांगली आहे. सूनबाईंनी चहा ठेवला. शाळेच्या विहिरीची हकीकत मी त्यांना इतक्या वर्षांत सांगितली नव्हती. ती आधी सांगितली. ऐकून घेतली आणि विचारले, "पोरं नव्हती ना आत?" नव्हती म्हणालो. मग त्यांनी नळी उघडायला सांगितली.

दुपारी तीनपर्यंत आम्ही सात नकाशे बघितले. ते बोट ठेवत आणि सांगत, मी लॅपटॉपवर टिपून घेत होतो. एका घराच्या कोपऱ्यापाशी त्यांनी कन्नडात सांगितले की इथे पेव होते, वरून फरशी टाकली आहे, जड काही ठेवू नये. मी कन्नडात टंकले आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. चष्मा वर करून त्यांनी वाचले.

"बरोबर आहे. खाली मराठीत पण लिव," ते म्हणाले. "त्या गावचा गवंडी मराठी वाचतो."